मधुमेह, हृदय आणि ‘ड’ जीवनसत्त्व : पुडीवर किती भिस्त ठेवावी?

मधुमेहाची वार्षिक तपासणी केली की हल्ली रिपोर्टात साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन यांच्या जोडीला आणखी एक आकडा येतो, व्हिटॅमिन डीचा. तो बहुधा कमीच असतो. ९, १४, १८ असं काहीतरी, आणि पुढे ठळक अक्षरांत ‘डेफिशियन्सी’. मग घरात चर्चा सुरू होते. ‘ड’ कमी असलं की हार्ट अटॅक येतो असं कुणीतरी वाचलेलं असतं. कुणी औषधाच्या दुकानातून ‘ड’च्या साठ हजार युनिटच्या पुड्या आणतं, कुणी सकाळी सातला गच्चीत जाऊन बसायला लागतं. त्याच रिपोर्टातल्या वाढलेल्या एलडीएल कोलेस्टेरॉलकडे आणि लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडिआब’ पाहणीचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे हा प्रश्न जवळपास प्रत्येक घराचा आहे. म्हणून मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ‘ड’ जीवनसत्त्व खरोखर कमी असेल तर ते जरूर भरून काढा. ते हाडांसाठी आणि स्नायूंसाठी. हृदय वाचवण्याचं काम मात्र त्याच्यावर सोपवू नका. त्यासाठी याहून कितीतरी खात्रीचे उपाय आज आपल्या हाताशी आहेत.

‘ड’ आणि हृदय यांची सांगड कुठून आली?

ही सांगड हवेतून आलेली नाही. रक्तात साखर सतत जास्त राहिली की रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं. त्या दुखावलेल्या जागी कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं. ते साफ करायला भक्षक पेशी धावतात आणि कोलेस्टेरॉल गिळून गिळून स्वतःच फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाळ दिसतात. अशा पेशी साचत गेल्या की रक्तवाहिनीत थर तयार होतो आणि तो फुटला की हृदयविकाराचा झटका येतो.

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात कार्लोस बर्नाल-मिझराची यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं, की ‘ड’ची कमतरता असलेल्या मधुमेही रुग्णांच्या भक्षक पेशींना प्रयोगशाळेत ‘ड’ दिलं तर त्या कमी कोलेस्टेरॉल गिळतात आणि फेसाळ होण्याचं प्रमाण घटतं. याच गटाने २०१२ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४३ रुग्णांच्या पेशी तपासल्या. ज्यांची पातळी ३०च्या खाली होती, त्यांच्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला जास्त चिकटत होत्या. ‘ड’ रक्तदाबाशी संबंधित रेनिन या संप्रेरकावरही वचक ठेवतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. शिवाय मोठमोठ्या पाहण्यांत ‘ड’ कमी असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो असं पुन:पुन्हा आढळत होतं.

इतकं सगळं एका दिशेने बोट दाखवत असताना ‘ड’ दिलं की हृदय वाचेल असं वाटणं स्वाभाविक होतं. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. वजन जास्त असेल तर ‘ड’ चरबीत साठून राहतं आणि रक्तात कमी दिसतं. जो घराबाहेर पडत नाही, चालत नाही, त्याला ऊन मिळत नाही. मूत्रपिंड बिघडून लघवीतून प्रथिनं जायला लागली की त्यांच्यासोबत ‘ड’ही निघून जातं. वाढलेलं वजन, बैठी सवय आणि बिघडलेलं मूत्रपिंड ही तिन्ही कारणं हृदयालाही घातक आहेत. मग रिपोर्टातली कमी पातळी आजाराचं कारण आहे की आजाराची खूण? याचं उत्तर एकाच मार्गाने मिळतं : हजारो लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला खरं ‘ड’ द्यायचं, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी द्यायची आणि काही वर्षं वाट पाहायची.

चाचण्यांनी काय दाखवलं?

अशा चाचण्या झाल्या आहेत. सर्वांत गाजलेली अमेरिकेतली ‘व्हायटल’. तीत २५,८७१ लोक होते. पुरुष पन्नाशीचे व पुढचे, स्त्रिया पंचावन्नच्या व पुढच्या. निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड’ दिलं. पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवल्यावर २०१८ मध्ये निकाल आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. न्यूझीलंडमध्ये पाच हजारांवर लोकांच्या चाचणीत महिन्याला एक लाख युनिट देऊन पाहिले, तिथेही फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये २१ चाचण्यांतल्या ८३ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली गेली. निष्कर्ष तोच निघाला.

ऑस्ट्रेलियात ६० ते ८४ वयाच्या २१ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना महिन्यातून एकदा ६०,००० युनिट दिलं गेलं. आपल्याकडच्या पुडीत असतं तेवढंच. २०२३ मध्ये आलेल्या निकालात हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना ‘ड’ घेणाऱ्यांत ९ टक्क्यांनी कमी होत्या. पण हा फरक इतका लहान आहे, की तो निव्वळ योगायोगाचाही असू शकतो.

मधुमेहींच्या मूत्रपिंडासाठीही ‘व्हायटल’च्या अंतर्गत स्वतंत्र चाचणी झाली. टाइप २ मधुमेहाच्या १,३१२ रुग्णांत पाच वर्षांनी मूत्रपिंडाच्या कामात ‘ड’मुळे लक्षणीय फरक पडला नव्हता.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. या चाचण्यांतल्या बहुतेकांची पातळी मुळातच बरी होती. आपल्यासारखी कमतरता त्यांच्यात नव्हती. शंका बरोबर आहे. पण ‘व्हायटल’ आणि न्यूझीलंड या दोन्ही चाचण्यांत ज्यांची पातळी सुरुवातीलाच २०च्या खाली होती, त्यांचा वेगळा हिशोब केला तरी हृदयाला फायदा आढळला नाही. अगदी तीव्र कमतरतेचे लोक या चाचण्यांत थोडेच होते, हेही खरं. पण तीव्र कमतरता भरून काढण्यासाठी हृदयाचं कारण शोधायची गरजच नाही. हाडांचं कारण पुरेसं आहे.

मग कमी पातळीकडे दुर्लक्ष करायचं का?

मुळीच नाही. ‘ड’ नसेल तर अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही. कमतरता तीव्र आणि दीर्घकाळची असेल तर मोठ्यांची हाडं मऊ पडतात, ठणकतात. मांड्यांचे आणि खुब्याचे स्नायू दुबळे होतात. खाली बसलं की उठवत नाही, जिना चढताना कठड्याचा आधार लागतो. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते, नजर अधू झालेली असू शकते, साखर एकदम उतरून चक्करही येते. अशा माणसाचा तोल जायला वेळ लागत नाही, आणि साठीनंतर खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळं आयुष्य बदलतं.

ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही पण साखर उंबरठ्यावर आहे, त्यांच्यासाठी थोडी आशादायक माहिती आहे. अशा २,४२३ लोकांवरच्या, रोज ४,००० युनिट देऊन पाहणाऱ्या अमेरिकी चाचणीत २०१९ मध्ये ठोस फायदा सिद्ध झाला नाही. मात्र तिच्यासह तीन चाचण्यांची माहिती २०२३ मध्ये एकत्र केली, तेव्हा मधुमेह होण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या मार्गदर्शनात उंबरठ्यावरच्या जास्त धोक्याच्या लोकांना आहार-व्यायामाच्या जोडीने ‘ड’ घ्यायला सुचवलं आहे. आहार-व्यायामाच्या ऐवजी नव्हे. घरातल्या तिशी-चाळिशीतल्या मुलांसाठी ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तपासणी कुणी करावी, आकडा कसा वाचावा?

प्रत्येकाने दरवर्षी ही तपासणी करायची गरज नाही. पुढीलपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलून जरूर करावी : हाडं किंवा मांड्या सतत दुखणं, बसून उठताना त्रास होणं, किरकोळ धक्क्याने हाड मोडणं, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, घराबाहेर फारसं न पडणं, लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेली असणं, किंवा फिट्स, क्षयरोग, स्टेरॉइड यांची औषधं दीर्घकाळ चालू असणं.

तपासणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ची असावी. नावात ‘१,२५’ असलेली तपासणी वेगळी आहे. कमतरता ओळखायला ती उपयोगी नाही. आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहे का तेही पाहा. परदेशातल्या रिपोर्टात तो बहुधा नॅनोमोलमध्ये असतो आणि साधारण अडीच पट मोठा दिसतो. आपल्याकडच्या प्रयोगशाळा २०च्या खाली कमतरता आणि २० ते ३० अपुरी पातळी असं छापतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ मध्ये बहुतेक निरोगी लोकांना २० पुरेसे असल्याचं म्हटलं, आणि १२च्या खाली गेल्यास कमतरतेचा खरा धोका मानला. म्हणून २३ आकडा आला म्हणून घाबरू नका, आणि ७ आला तर ‘सगळ्यांचंच कमी असतं’ म्हणून सोडूनही देऊ नका.

पाय दुखतात, मुंग्या येतात, तळवे जळजळतात, हे सगळं ‘ड’च्या नावावर खपवलं जातं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही नेमक्या अशाच मुंग्या येतात. शाकाहारी मंडळींना हा धोका अधिक. मधुमेहामुळे नसाही खराब होतात. पायांच्या तक्रारीसाठी ‘ड’ तपासायला सांगितलं तर बी-१२ बद्दलही विचारा.

ऊन : कधी, किती आणि कसं?

कोवळ्या उन्हात बसलं की ‘ड’ मिळतं हा आपल्याकडचा पक्का समज आहे. त्वचेत ‘ड’ तयार होतं ते उन्हातल्या अतिनील ‘बी’ किरणांमुळे. सूर्य क्षितिजाजवळ असताना ही किरणं वातावरणातच गाळली जातात. सकाळी सातचं ऊन सुखद असतं, त्या वेळचं चालणं उत्तम असतं, पण ‘ड’ त्यातून फारसं मिळत नाही. एक सोपी खूण आहे : तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच ‘ड’ चांगलं तयार होतं. महाराष्ट्र-गोव्यात दुपारच्या सुमारास ही स्थिती वर्षभर येते, अगदी डिसेंबरातही. पावसाळ्यातले ढग आणि शहरातला धूर मात्र ही किरणं अडवतात. खिडकीच्या काचेतून ती आत येतच नाहीत, त्यामुळे गाडीत किंवा बंद बाल्कनीत बसून उपयोग नाही.

साधारण सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यान आठवड्यातले काही दिवस हात, दंड, पोटऱ्यांवर पंधरा-वीस मिनिटं ऊन घेणं हे बहुतेकांना झेपेल असं प्रमाण आहे. सावळ्या त्वचेला आणि वयस्करांना जास्त वेळ लागतो. त्वचा तांबूस होईपर्यंत थांबायचं नाही. जास्त बसल्याने जास्त ‘ड’ तयार होत नाही.

मधुमेहींनी उन्हात जाताना काही पथ्यं पाळायलाच हवीत. तापलेल्या गच्चीवर किंवा फरशीवर अनवाणी जाऊ नका. तळव्यांची जाणीव कमी असेल तर चटका कळत नाही आणि फोडाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. सोबत पाणी ठेवा. इन्शुलिनचं पेन उन्हात नेऊ नका. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल तर उपाशीपोटी उन्हात जाऊ नका. एप्रिल-मे मधल्या विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तर ‘ड’च्या हट्टापायी दुपारी बाहेर बसणं जिवावर बेतू शकतं. त्या दिवसांत गोळी बरी.

लंडन, टोरांटोकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य पुरेसा वर येतच नाही. तिथली आरोग्यसेवा शरद आणि हिवाळ्यात सर्वांनाच रोज ४०० युनिट घेण्याचा विचार करायला सांगते. सावळ्या त्वचेच्या लोकांना तर वर्षभर.

ताटातून किती मिळतं?

थोडंच, पण मिळतं. तारली, बांगडा, रावस हे मासे आणि अंड्याचा पिवळा बलक हे त्यातले चांगले स्रोत. मासे तळण्याऐवजी कालवण करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा, म्हणजे हृदयालाही बरं. शाकाहारी मंडळींना नैसर्गिक अन्नातून ‘ड’ मिळवणं अवघड आहे. दूध प्यालं की ‘ड’ मिळतं असं नाही. साध्या दुधात ते नगण्य असतं. पिशवीवर निळ्या रंगातलं ‘+एफ’ चिन्ह असेल तर त्या दुधात ‘ड’ मिसळलेलं असतं. भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार अशा दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट असतं. हेच चिन्ह खाद्यतेलावरही पाहायला मिळतं. प्रौढांची रोजची गरज साधारण ६०० युनिट आहे, म्हणजे ऊन नसेल तर फक्त दुधावर भागत नाही. ‘ड’सोबत कॅल्शियमही हवं, त्यासाठी दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आहेच.

पुडी, गोळी, इंजेक्शन : डोसाची शिस्त

कमतरता असेल तर आपल्याकडे साधारणपणे आठवड्याला ६०,००० युनिट असे सुमारे आठ आठवडे दिले जातात आणि नंतर महिन्याला एक पुडी किंवा रोज १,००० ते २,००० युनिट असा देखभालीचा डोस ठेवतात. नेमका डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. घेताना हे सांभाळा :

• आठवड्याची पुडी आठवड्यातूनच घ्या. ती रोज घेण्याची चूक लोकांकडून होते आणि ती महागात पडते. एक वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा.

• मुख्य जेवणासोबत घ्या. ‘ड’ स्निग्ध पदार्थांत विरघळतं, उपाशीपोटी नीट शोषलं जात नाही.

• कोर्स संपला की पुड्या थांबवा. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन:पुन्हा आणू नका. तीन महिन्यांनी डॉक्टरांना वाटलं तर तपासणी करा.

• कॅल्शियमची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर यांतही ‘ड’ असतं. सगळ्या डब्यांवरची लेबलं वाचून बेरीज करा. देखरेखीशिवाय रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नये.

• सहा लाख युनिटचं इंजेक्शन मागून घेऊ नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा एकच डोस दिला, तेव्हा त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. २०१० मधला हा निकाल सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे.

‘ड’ जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान लागते, लघवीला वारंवार जावं लागतं, बद्धकोष्ठ होतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, वयस्कर माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागतो. यातली तहान आणि लघवी ही साखर वाढल्याचीही लक्षणं आहेत, म्हणून मधुमेहींच्या बाबतीत फसगत होते. ग्लुकोमीटरवर साखर ठीक दिसत असूनही तहान आणि लघवी वाढली असेल आणि तुम्ही ‘ड’ घेत असाल, तर ते थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून कॅल्शियम व क्रिएटिनिन तपासा.

मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी, रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड घेणाऱ्यांनी आणि हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी ‘ड’ सुरू करण्यापूर्वी विचारलंच पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार पुढे गेला असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो. ‘ड’चं शेवटचं, कामाचं रूप मूत्रपिंडातच तयार होतं; ते होत नसेल तर कधी कधी दुसऱ्या प्रकारचं औषध लागतं आणि ते फक्त मूत्रपिंडतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं.

हृदय खरोखर कशाने वाचतं?

आता महत्त्वाच्या भागाकडे येऊ. डेन्मार्कमध्ये टाइप २ मधुमेह आणि लघवीतून अल्ब्युमिन जाणाऱ्या १६० रुग्णांवर ‘स्टेनो-२’ नावाची चाचणी झाली. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि तंबाखू या सगळ्यांवर एकदम नेट लावला. सुमारे आठ वर्षांत दुसऱ्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार जवळपास निम्म्याने कमी झाले. २१ वर्षांनी पाहिलं तेव्हा ते लोक सुमारे आठ वर्षं जास्त जगत होते. एकाही जीवनसत्त्वाच्या गोळीने असा निकाल आजवर दिलेला नाही. म्हणून हे पाच आकडे आणि सवयी सांभाळा :

एलडीएल कोलेस्टेरॉल. मधुमेह असलेल्या, पण हृदयविकार न झालेल्या २,८३८ लोकांपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अटॉर्व्हास्टॅटिन दिलं, तेव्हा त्यांच्यात हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. ही २००४ मधली चाचणी फायदा इतका स्पष्ट दिसल्यामुळे ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधीच थांबवली गेली. चाळिशीनंतरच्या बहुतेक मधुमेहींना स्टॅटिन लागतं. पाय दुखतात म्हणून ते परस्पर बंद करून ‘ड’ सुरू करणारे अनेक जण आहेत. ‘ड’ घेतल्याने स्टॅटिनची स्नायुदुखी टळते का, हेही ‘व्हायटल’मध्ये पाहिलं गेलं; २०२२ मधला निकाल असा, की टळत नाही. दुखत असेल तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात. गोळी बंद करणं हा उपाय नाही.

रक्तदाब. ब्रिटनमधल्या मोठ्या मधुमेह अभ्यासात १९९८ मध्ये दिसलं, की रक्तदाब नीट आवरला तर पक्षाघाताचं प्रमाण ४४ टक्क्यांनी घटतं. बहुतेकांसाठी उद्दिष्ट १३०/८० च्या खाली असतं. लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं यांतलं छुपं मीठ कमी करा.

साखर. एचबीए१सी बहुतेकांसाठी ७ च्या आसपास. वयस्करांसाठी थोडं सैल. काही नवी औषधं साखरेपलीकडे जाऊन हृदयाचं रक्षण करतात. हृदयविकार आधीच असलेल्या ७,०२० मधुमेहींच्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन देऊन पाहिलं, तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले. २०१५ पासून हे माहीत आहे. तुमच्यासाठी असं औषध योग्य आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

मूत्रपिंड. लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वर्षातून एकदा. हा आकडा वाढला तर तो हृदयाचाही इशारा असतो.

तंबाखू आणि चालणं. सिगारेट, बिडी, मशेरी, मावा, सगळंच बंद. रोज तीस मिनिटं झपझप चालणं. दुपारच्या सौम्य उन्हात चाललात तर ‘ड’ही मिळेल. ऊन, चालणं आणि वजन यांचा लाभ एकाच सवयीत घेता येतो.

झटक्याची खूण ओळखा

मधुमेहात नसा बोथट झालेल्या असतात, म्हणून हार्ट अटॅक छातीत कळ न येताही येऊ शकतो. अचानक धाप लागणं, दरदरून घाम, जबडा, मान किंवा हात दुखणं, पित्त झाल्यासारखी पोटात जळजळ, एकाएकी गळून जाणं, यांपैकी काही झालं तर साखर तपासा, आणि ती ठीक असली तरीही थांबू नका. सोडा पिऊन वाट पाहू नका. १०८ला फोन करा किंवा लगेच ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा.

पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न

• माझी ‘ड’ची पातळी किती आहे, आणि मला खरोखर औषध लागतं का? लागत असेल तर किती आठवडे?

• माझ्या बाकीच्या गोळ्यांशी आणि मूत्रपिंडाशी ते जुळतं का?

• माझं बी-१२ कधी तपासलं होतं?

• माझं एलडीएल आणि रक्तदाब ठरलेल्या उद्दिष्टात आहेत का? नसतील तर पुढे काय?

• लघवीतलं अल्ब्युमिन या वर्षी तपासलं का?

• मला स्टॅटिन आणि हृदयाचं रक्षण करणारं मधुमेहाचं औषध हवं आहे का?

हे सहा प्रश्न कागदावर लिहून न्या. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर त्यांच्यासोबत तुम्ही जा आणि उत्तरं लिहून घ्या. ‘ड’ कमी असेल तर ते दोन-तीन महिन्यांत भरून निघेल. एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांच्याकडे मात्र वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं, आणि मधुमेहींच्या हृदयाचं भवितव्य मुख्यतः तिथेच ठरतं.